मोबाईलवरचा ग्रुप हाही एक सहकारच



दर अंकात आम्ही या पानावर बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे. अलीकडे वावरात किंवा वजनकाट्यावर गाठ पडणारा जवळजवळ प्रत्येक सभासद बोलता बोलता म्हणतो, "सायेब, ते ग्रुपवर आलं होतं ना!" तोडणीचा कार्यक्रम ग्रुपवर, किडीचा फोटो ग्रुपवर, पावसाचा अंदाज ग्रुपवर आणि अफवाही ग्रुपवरच. म्हणजे इंटरनेट हे आता शहरातल्या लोकांचे खूळ राहिलेले नाही. ते आपल्या शेतीचे एक अवजार झाले आहे. वखर कसा धरावा हे आपल्याला वडिलांनी शिकवले. हे नवे अवजार कसे धरावे ते मात्र कोणी शिकवले नाही. म्हणून हा पाठ.

हा पाठ लिहिण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते आमच्या स्वतःच्या चुकीचे आहे. ते पुढे ओघाने येईल.

आधी एका शब्दाचा खुलासा करतो. आपल्या कारखान्यात 'गट' म्हटले की गट कार्यालय आणि त्याखालची गावे डोळ्यापुढे येतात. घोटाळा होऊ नये म्हणून मोबाईलवर जमणाऱ्या मंडळींना आम्ही येथे आपल्या तोंडचा 'ग्रुप' हाच शब्द वापरला आहे.

बोलण्याच्या तीन रीती

सेवाग्रामच्या आश्रमात बापूंच्या वस्तू पाहायला गेलेल्यांनी तेथली टेलिफोनची जागाही पाहिली असेल. व्हाइसरॉयला बापूंशी बोलता यावे म्हणून तो टेलिफोन बसविला होता. टेलिफोन म्हणजे एकाने एकाशी बोलणे. दुसरी रीत रेडिओची. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी हवामान, बाजारभाव, शेतीचा सल्ला हे सारे त्यावर ऐकले. रेडिओ म्हणजे एकाने बोलावे आणि हजारोंनी ऐकावे. ऐकणाऱ्याला मध्येच "थांबा, आमच्याकडची जमीन तशी नाही" असे म्हणता येत नाही.

तिसरी रीत सर्वांत जुनी. ती म्हणजे गावातला पार किंवा चावडी. तेथे अनेक जण अनेकांशी बोलतात. एकाने सांगितले की दुसरा खोडून काढतो, तिसरा आपला अनुभव सांगतो आणि चौथा नुसता ऐकून शहाणा होतो. ग्रुप हा या तिसऱ्या रीतीचा आहे. फरक एवढाच की पारावर दहा-वीस माणसे मावतात आणि ती एका गावची असतात. ग्रुपचा पार मात्र सेलूचा माणूस, हिंगणघाटचा माणूस आणि सांगलीचा माणूस यांना एकाच वेळी बसायला जागा देतो.

इंटरनेटचा इतिहास पाहिला तरी हीच गोष्ट दिसते. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट या नावाने संगणक एकमेकांना जोडले गेले. हेतू असा, की एका ठिकाणच्या महागड्या संगणकाचा उपयोग दुसऱ्या ठिकाणच्या शास्त्रज्ञाला व्हावा. १९७१ साली त्यावरून एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविण्याची सोय झाली. थोड्याच वर्षांत असे आढळले की त्या तारांवरून जाणाऱ्या मजकुरात सर्वांत मोठा वाटा माणसांच्या आपसातल्या पत्रांचाच आहे. पुढे एक पत्र एकदम अनेकांना जाऊ लागले, एका विषयाची आवड असणारे लोक यादी करून बोलू लागले. तारा यंत्रांसाठी टाकल्या होत्या, पण त्यांवर पार भरला तो माणसांचा. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. खेड्यापाड्यांत ते खऱ्या अर्थाने पोचले ते २०१६ नंतर, मोबाईलवरचे नेट स्वस्त झाल्यावर.

वारणेचा धडा

आपल्यासारख्याच एका ऊस सभासदांच्या भागात हा प्रयोग फार आधी झाला. तो आपण समजून घेतला पाहिजे.

कोल्हापूर-सांगली भागात तात्यासाहेब कोरे यांनी वारणेचा सहकार उभा केला. तेथे १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. सुमारे ७० गावे त्यात घेतली होती. केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा समूह या तिघांनी मिळून खर्च उचलला. गावोगावी माहिती केंद्रे निघाली. केंद्रात एक संगणक आणि तो चालविणारा एक माणूस. सभासदाने कारखान्यावर हेलपाटे घालू नयेत, आपल्या उसाची नोंद, तोडणीची परवानगी, वजन, उचललेले खत हे सर्व गावातच पाहावे, हा एक हेतू. दुसरा हेतू मोठा होता. शेतीचे ज्ञान, बाजारभाव आणि बाहेरचे जग या संगणकातून गावात यावे असे स्वप्न होते.

आठ-नऊ वर्षांनी मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन विभागातील मंडळींनी तेथे जाऊन पाहणी केली. तेव्हा असे दिसले की संगणक चालू आहेत, पण त्यांचा उपयोग बहुतेक उसाच्या हिशेबापुरताच होतो. बाकीचे स्वप्न कागदावरच राहिले होते. मग त्यांनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल घेतला. सभासदाने एसएमएस पाठवावा आणि वजनाचे किंवा खताचे उत्तर एसएमएसनेच मिळावे. ही पद्धत संगणकापेक्षा स्वस्त पडली आणि सभासदांना अधिक सोयीचीही वाटली.

यातून आम्ही दोन धडे घेतो. पहिला असा, की यंत्र कितीही मोठे असो, माणूस त्यातून आपल्या रोजच्या गरजेचे तेवढेच उचलतो. म्हणून गरज आधी ओळखावी आणि यंत्र मागून आणावे. दुसरा धडा असा, की त्या सर्व व्यवस्थेत सभासद विचारीत होता आणि कारखाना उत्तर देत होता. सभासदाने सभासदाला विचारावे ही सोय त्यात नव्हती. ती वजनकाट्याच्या रांगेतच राहिली. आजच्या ग्रुपने नेमकी तीच सोय करून दिली आहे. त्याची ताकद तेथे आहे आणि धोकाही तेथेच आहे.

ताकदीचे एक उदाहरण देतो. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात प्रथम कर्नाटकात सापडली. त्याच वर्षी ती सांगली भागात मक्यावर आणि उसावरही दिसली. या नव्या किडीचे फोटो, डोक्यावरची उलट्या वाय आकाराची खूण आणि शेपटीजवळचे चार ठिपके ही माहिती शेतकऱ्यांच्या ग्रुपांवरून भराभर पसरली. पूर्वी अशी ओळख पटायला अधिकाऱ्याची फेरी होईपर्यंत वाट पाहावी लागे. आज पानावरची अळी दिसली की दहा मिनिटांत दहा जण तिच्याकडे पाहतात.

आमची चूक

आता धोक्याचे उदाहरण. ते आमचेच आहे.

चार वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्याची गोष्ट. पाऊस चांगला होता. उसात वेलवर्गीय तण मातले होते आणि सभासद सारखे विचारीत होते. आमच्या ऊस विकासाच्या ग्रुपमध्ये तेव्हा अडीचशेच्या आसपास सभासद होते. आम्ही घाईत होतो. रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी करून चार ओळी लिहिल्या, की उसातील वेलांसाठी टू-फोर-डी हे तणनाशक फवारावे. सोबत मात्रा दिली. मात्रा बरोबर होती. सल्लाही उसापुरता बरोबर होता. पण त्यात एक ओळ कमी होती.

हे तणनाशक रुंद पानांच्या तणांवर चालते. ऊस गवताच्या कुळातला, म्हणून तो ते सोसतो. पऱ्हाटी रुंद पानांची आहे आणि या औषधाला फार हळवी आहे. वाऱ्याने उडून आलेला फवारा तिला बाधतो आणि पंपाच्या तळाशी राहिलेला अंशही तिला पुरतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या पट्ट्यात उसाशेजारी ऊसच असतो. आपल्याकडे धुऱ्याच्या एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी असते, आणि दोहोंना पंप मात्र एकच. हे आम्हाला ठाऊक होते, पण आम्ही ते लिहिले नाही.

आठवड्याभराने एक वयस्क सभासद गट कार्यालयात आले. त्यांनी उसात फवारणी केली होती आणि दोन दिवसांनी तोच पंप साध्या पाण्याने विसळून पऱ्हाटीवर तुडतुड्यांसाठी चालविला होता. वावरात जाऊन पाहिले तर पऱ्हाटीची नवी पाने आखडून भेंडीच्या पानासारखी लांबट आणि चिरलेली झाली होती. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायेब, ग्रुपवर तुमीच टाकलं होतं ना? म्या तुमच्या भरोशावर मारलं. आता माही पऱ्हाटी पाहा."

आम्ही म्हणालो, "काकाजी, चूक आमची आहे." त्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांचे दीड एकर होते. पुढे काही झाडे सावरली, पण पहिल्या वेच्याचा कापूस हातचा गेला.

आम्ही त्याच संध्याकाळी ग्रुपवर दुरुस्ती लिहिली. पण मग एक गोष्ट ध्यानात आली आणि ती आम्ही कधी विसरणार नाही. पहिला निरोप पुढे ढकलला जाऊन कितीतरी ग्रुपांवर पोचला होता. दुरुस्ती मात्र आमच्याच ग्रुपवर राहिली. चुकीला पाय फुटतात आणि दुरुस्ती घरी बसते. एवढ्यावरही संपले नाही. पुढच्या वर्षी जुलैत तोच जुना निरोप दुसऱ्या तालुक्यातल्या एका ग्रुपवरून फिरत फिरत परत आमच्याकडे आला, जणू कालच लिहिला असावा. कारण त्यावर तारीख नव्हती आणि आमचे नावही गळून पडले होते.

मग आम्ही पुन्हा त्या सभासदांकडे गेलो आणि त्यांच्या पऱ्हाटीचे तेव्हा काढलेले फोटो ग्रुपवर टाकण्याची परवानगी मागितली. ते म्हणाले, "टाका. माहं तर झालं, दुसऱ्याचं वाचन." फोटोखाली त्यांनी आपल्या आवाजात दोन मिनिटांचा निरोपही बोलून दिला. आमच्या लेखी दुरुस्तीने जे झाले नाही ते या दोन मिनिटांनी केले. त्या आठवड्यात अनेक सभासदांनी पंप कसा धुवावा म्हणून फोन केले आणि दोघांनी तर तणनाशकासाठी वेगळा पंपच घेतला. ज्याने सोसले त्याने सांगितले की ऐकणाऱ्याला पटते. ग्रुपची खरी किंमत येथे कळते.

अफवेचे दुःख

पिकाचे नुकसान भरून निघते. काही नुकसान भरून निघत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरली होती. ज्यांनी तो निरोप पुढे पाठविला त्यांतल्या बहुतेकांना वाटले असेल की आपण लोकांना सावध करीत आहोत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादा योग्यच आहे. पण पाच ठिकाणी पाठविण्यापूर्वी थांबायचे की नाही हे यंत्र ठरवू शकत नाही. ते अंगठ्याच्या मालकानेच ठरवायचे असते.

ग्रुप चालविणाऱ्यांना एक भीती असते, की दुसऱ्याच्या निरोपाबद्दल आपल्यावर खटला होईल काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असा निर्णय दिला, की समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर एखाद्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ग्रुपच्या ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. कायद्याचे ओझे असे हलके झाले. पण शेजारधर्माचे ओझे कोणत्याही न्यायालयाने उतरविलेले नाही.

ग्रुप कसा चालवावा

सहकारी संस्थेला जे लागते तेच ग्रुपला लागते असे आमचे मत आहे. सभासद कोण, काम काय, नियम कोणते, जबाबदार कोण, हे चारही ठरलेले असावे लागते. त्यावरून पुढील गोष्टी सुचवितो.

१) एका ग्रुपचे एकच काम असावे. तोडणी कार्यक्रमाचा ग्रुप वेगळा ठेवावा आणि पीक सल्ल्याचा वेगळा. सणाच्या शुभेच्छा, राजकारण आणि विनोद यांसाठी दुसरी जागा पुष्कळ आहे. शंभर शुभेच्छांखाली एक तोडणीची तारीख दडली तर दोष कोणाचा?

२) सल्ल्याच्या प्रत्येक निरोपावर तारीख, लिहिणाऱ्याचे नाव, पीक, पिकाचे वय आणि कोणत्या पिकाजवळ वापरू नये हे असावे. हे पाच नसतील तो निरोप पुढे पाठवू नये, मग तो आमचा का असेना.

३) प्रश्न विचारताना नुसता पानाचा फोटो टाकू नये. ऊस लागवडीचा की खोडवा, जात कोणती, किती महिन्यांचा, पाणी केव्हा दिले, आधी काय फवारले हे लिहावे. डॉक्टरकडे गेल्यावर आपण नुसती जीभ दाखवून परत येत नाही.

४) उत्तर देताना 'मी करून पाहिले' आणि 'मी ऐकले' यांतला फरक स्पष्ट सांगावा. दोन्हींना जागा आहे, पण एका मापात ती मोजू नयेत.

५) औषधांची मिश्रणे ग्रुपवरून शिकू नयेत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषधाच्या डब्यावरील सूचना हीच पहिली आज्ञा, त्यानंतर कृषी विद्यापीठाची शिफारस. ग्रुपचा क्रमांक त्यांच्या मागून.

६) चूक झाली तर ती पुसून टाकू नये. पुसलेली चूक दुसरीकडे जिवंत राहते. तिच्याखालीच दुरुस्ती लिहावी आणि ज्याने तो निरोप पुढे पाठविला असेल त्याने दुरुस्तीही तेथे तेथे पाठवावी. आणली तेथे परत नेऊन ठेवावी, हा गावचा जुना नियम आहे.

७) तोडणी, भाव, कारखाना सुरू किंवा बंद होण्याची तारीख याविषयी गट कार्यालयाच्या निरोपाखेरीज काहीही खरे मानू नये. 'कारखाना लवकर बंद होणार' एवढ्या एका ओळीवर कोणी घाबरून ऊस पेटविला, तर कपात त्याच्याच बिलातून होते. ती ओळ लिहिणारा सापडत नाही.

८) पंप धुण्याची रीतही येथेच सांगून ठेवतो. टू-फोर-डी वापरलेला पंप, नळी आणि नोझल स्वच्छ पाण्याने तीन वेळा धुवावे, धुण्याच्या सोड्याचे पाणी रात्रभर भरून ठेवावे आणि सकाळी पुन्हा धुवावे. तरीही उत्तम उपाय एकच, तणनाशकाचा पंप वेगळा. धुतलेले पाणी विहिरीजवळ किंवा कालव्यात टाकू नये.

ग्रुप कशाची जागा घेऊ शकत नाही

२०२२ साली व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपची मर्यादा १०२४ माणसांपर्यंत वाढली. तरीही आपले सगळे सभासद त्यात मावणार नाहीत. काहींकडे साधा मोबाईल आहे. काही सभासद भगिनींच्या नावावर शेअर आहे, पण फोन मुलाच्या खिशात असतो. म्हणून 'ग्रुपवर टाकले होते' एवढ्याने सूचना दिली असे होत नाही. गट कार्यालयाचा फलक, चिटबॉयचा तोंडी निरोप आणि ही पत्रिका चालूच राहिली पाहिजे. आम्ही आमच्या कर्मचाऱ्यांनाही हेच सांगितले आहे.

तसेच ग्रुप म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा नव्हे. सभेत एका सभासदाला एक मत असते, मग त्याचा ऊस एक एकर असो की वीस एकर. ग्रुपवर जो अधिक वेळा लिहितो त्याचाच आवाज मोठा वाटतो आणि न लिहिणारे शेकडो सभासद दिसतच नाहीत. तेथे दहा अंगठे वर झाले म्हणजे ठराव झाला असे समजू नये. तक्रार असेल तर ग्रुपवर जरूर मांडावी, पण सभेतही उभे राहून मांडावी.

शेवटी एवढेच. आपल्या वाडवडिलांनी एकेकट्याने जे साधत नव्हते ते शेअर गोळा करून साधले. ग्रुपमध्ये शेअर पैशांचा नसतो, अनुभवाचा असतो. जो आपला अनुभव खरा आणि पुरता घालतो तो भागधारक. जो नुसता दुसऱ्याचा माल पुढे ढकलतो तो हमाल. आपण कोण व्हायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

ज्या काकाजींची पऱ्हाटी गेली ते आज आमच्या ग्रुपवर सर्वांत जास्त प्रश्न विचारणारे सभासद आहेत. आमच्या प्रत्येक निरोपाखाली ते एकच ओळ लिहितात, "सायेब, पऱ्हाटीजवळ चालते का?" आम्हाला त्याचा राग येत नाही. ती ओळ आली की आम्ही आमचा निरोप पुन्हा एकदा वाचतो. आपणही विचारीत जा.

कळावे.

ऊस विकास अधिकारी